जाताना सोळा तास, येताना चौदा : मग रस्ता एकच कसा?

प्रश्न : नमस्कार. मी मिरजेला राहते, वय ६६. धाकटी लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. तिचं पहिलं बाळंतपण आहे, म्हणून जानेवारीत मी जाणार आहे. विमानात कधी बसलेली नाही आणि जायचंय एकटीलाच. जावई सांगतात, मुंबईहून जाताना सोळा तास लागतात आणि येताना चौदा-साडेचौदा. तेच विमान, तीच दोन गावं, मग मधले दीड-दोन तास जातात कुठे? फोनवर अंतर बघितलं तर एका ठिकाणी १२,५००, दुसरीकडे ७,८०० आणि तिसरीकडे ६,७७० लिहिलेलं. नातवाच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, इजिप्तवरून जाते. जावई म्हणतात विमान रशियाच्या अंगाने वर जातं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, मिरज–मुंबई गाडीवर. ते असते तर त्यांनाच विचारलं असतं. आणि एक, डिंकाचे लाडू नेले तर चालतात का? (एक आई, मिरज)

उत्तर : ताई, तुमचे यजमान असते तर त्यांनी हे माझ्यापेक्षा कमी शब्दांत समजावलं असतं. मिरजेहून मुंबईला निघालेली गाडी बरीच वर्षं खंबाटकीला बोगद्यातून यायची आणि परतताना तीच गाडी वळणं घेत घाट चढायची. डोंगर एकच, पण यायची वाट निराळी, जायची निराळी आणि लागणारा वेळही निराळा. विमानाच्या वाटेवरही घाट असतो. तो वाऱ्याचा असतो आणि रोज जागा बदलतो.

मी ३२ वर्षं एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो, आधी सांताक्रूझला, मग सहारला. डिस्पॅचर विमान उडवत नाही. विमान कुठल्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाईल, याचा आराखडा तो काढतो आणि कॅप्टनच्या जोडीने त्यावर सही करतो. माझी जवळजवळ सगळी नोकरी तुमच्या या एका प्रश्नात गेली. म्हणून उत्तर थोडं लांबेल.

आधी तुमचे तीन आकडे. तिन्ही बरोबर आहेत. १२,५०० हे किलोमीटर, ७,८०० हे साधे मैल आणि ६,७७० हे नॉटिकल मैल, म्हणजे सागरी मैल. जहाजं आणि विमानं हाच मैल वापरतात; एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. फोनवर आकड्यापुढचं एकक बारीक अक्षरात असतं, ते वाचायचं राहून जातं. हे अंतर मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं, पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या वाटेने मोजलेलं आहे. एडिसनला नेवार्कचा विमानतळ जवळ पडतो, तेव्हा तुम्ही कदाचित तिथे उतराल. त्याने अंतरात दहा-पंधरा किलोमीटरांचाच फरक पडतो.

आता तुमची पट्टी. घरात एखादं मोठं मोसंबं असेल तर घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव आणि पोटाची मधली रेषा म्हणजे विषुववृत्त समजा. मधल्या रेषेच्या थोडं वर, देठाच्या बाजूला, एक टाचणी टोचा, ती मुंबई. दुसरी टाचणी जवळजवळ पलीकडच्या बाजूला, मधली रेषा आणि देठ यांच्या साधारण निम्म्यावर, ते न्यूयॉर्क. दोन्ही टाचण्यांना दोरा बांधा आणि ताणा. दोरा पोटावरून आडवा राहतच नाही, आपोआप देठाकडे सरकतो. जावई म्हणतात ती वाट हीच. सपाट नकाशा करताना गोल सालीला कागदावर ओढून बसवावं लागतं आणि देठाजवळची साल फार ताणली जाते. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरांचा असतो. ६० अंश उत्तरेला तोच अंश ५६ किलोमीटरांवर येतो. नकाशात मात्र दोन्ही सारखेच रुंद दिसतात. भिंतीवरच्या अनेक नकाशांची पद्धत ज्या मर्केटरने १५६९ मध्ये घालून दिली, त्याने ती खलाशांसाठी केली होती. होकायंत्राचा कोन न बदलता नकाशावरच्या सरळ रेघेने जहाज नेता यावं, एवढंच त्याला हवं होतं. अंतराची खात्री तो नकाशा देत नाही.

तुमच्या पट्टीच्या रेघेने खरोखर विमान नेलं, तर ते अरबस्तान, इजिप्त, सहारा, मोरोक्को करत अटलांटिकवर येईल आणि न्यूयॉर्कला पोचेपर्यंत सुमारे १४,२०० किलोमीटर होतील. ताणलेल्या दोऱ्याने १२,५३०. हा फरक जवळजवळ दोन तासांच्या उड्डाणाचा आहे. तो दोरा मुंबईहून वायव्य आणि उत्तर यांच्या मधून निघतो. बलुचिस्तान, अफगाणिस्तानात हेरातच्या बाजूने तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशियात शिरून सेंट पीटर्सबर्गजवळून स्कँडिनेव्हिया, आइसलंडच्या पूर्वेला समुद्रावर ६५ अंश उत्तरेपर्यंत चढून पुन्हा खाली, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि तिथून न्यूयॉर्क. मी हा मार्ग पहिल्यांदा गोलावर बोटाने चाललो, तेव्हा मुंबईचं विमान ग्रीनलंडपर्यंत जातं हे मला दोन दिवस पचलं नव्हतं. तुम्हाला ते नवल वाटलं, हे मला म्हणूनच फार जवळचं वाटलं.

पण दोरा ताणता येतो, विमान तसंच्या तसं नेता येतंच असं नाही. खालचे देश आपलं आकाश उघडतात आणि बंदही करतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. रशियाने २०२२ मध्ये अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपल्यावरून जायची मनाई केली. त्यामुळे मुंबई–न्यूयॉर्क जाणारी दोन कंपन्यांची विमानं एकाच रात्री अगदी वेगवेगळ्या देशांवरून जाऊ शकतात. तुमच्या समोरच्या पडद्यावर विमान आधी अरबी समुद्र ओलांडून आखाताकडे वळलेलं दिसलं, तर घाबरू नका. कुणी तरी त्या दिवशीचा सगळा हिशोब करूनच ती वाट धरलेली असते.

आता मुख्य गोष्ट, वारा.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं जिथे उडतात नेमकं तिथे, वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे वरची हवा ध्रुवाकडे ओढली जाते, आणि पृथ्वी फिरते म्हणून ती जाता जाता पूर्वेकडे वळते. म्हणून हा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी वाढते, फरक वाढतो आणि वाराही जोर धरतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग हिवाळ्यात काही विशेष नाही. हिवाळ्यात यातला एक प्रवाह थेट आपल्या उत्तर भारताच्या डोक्यावर असतो.

हा वारा माणसाला कळला तो तसा अलीकडेच. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून वरचा वारा मोजत होते, आणि हिवाळ्यात त्यांना त्याचे वेग थक्क करणारे मिळाले. जगाने वाचावं म्हणून त्यांनी तो अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो या कृत्रिम भाषेत लिहिला. ती भाषा येणारेच थोडे, त्यामुळे तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बर विमानं जपानवर इतक्या उंचीवरून जाऊ लागली, तेव्हा वैमानिकांची या वाऱ्याशी गाठ पडली. मला त्या ओइशींबद्दल नेहमी हळहळ वाटते. आमच्या टेबलावर रोज रात्री वाऱ्याचे तक्ते यायचे, तेव्हा मला त्यांचे फुगे आठवायचे.

तुमच्या दीड-दोन तासांचा हिशोब आता कागदावर करून बघा. खऱ्या वाटेने थोडी वळणं धरून अंतर १३,००० किलोमीटर माना आणि शांत हवेत विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसता तर १३,००० भागिले ९००, साधारण साडेचौदा तास. आता जाताना सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ताशी ६० किलोमीटरांचा वारा समोरून आला असं धरू. विमान हवेतून ९०० नेच जातं, पण हवाच त्याला मागे रेटते. जमिनीच्या हिशोबाने वेग उरला ८४०. वेळ साडेपंधरा तास. येताना तेच ६० पाठीमागून मिळाले, वेग ९६०, वेळ साडेतेरा तास. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरून दारापर्यंत येणं यांचा अर्धा तास दोन्हीकडे मिळवा. झाले सोळा आणि चौदा. जावयांनी तुम्हाला हेच आकडे सांगितले.

आमचं काम इथे सुरू होई. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला वाऱ्याचे तक्ते फॅक्सवर यायचे, पुसट, काळपट. त्यावर आम्ही निळ्या पेन्सिलीने जेटचा पट्टा रंगवायचो. मला शिकवणारे वरिष्ठ म्हणायचे, "नकाशा नंतर बघ, आधी वारा वाच." पश्चिमेला जाणारं विमान त्या निळ्या पट्ट्याच्या बाजूने, बहुधा उत्तरेकडून, काढायचं, वाट दोनशे-तीनशे किलोमीटर वाढली तरी चालेल. पूर्वेला येणारं विमान मुद्दाम त्या पट्ट्यात नेऊन सोडायचं. उत्तर अटलांटिकवर तर या वाटा रोज नव्याने आखल्या जातात. दिवसा पश्चिमेला जाणाऱ्या विमानांच्या वाटा शॅनविक हे केंद्र ठरवतं, रात्री पूर्वेला येणाऱ्यांच्या कॅनडातलं गँडर. समुद्रावर रस्ता रोज पुसायचा आणि रोज नवा काढायचा. या कामाचा मला एक दिवसही कंटाळा आला नाही.

वारा नुसता वेळ खात नाही, इंधनही खातो. तुमच्या मार्गावर असतं तसलं दोन इंजिनांचं मोठं विमान तासाला ढोबळमानाने सात-आठ टन इंधन जाळतं. वाटेचं इंधन, अंदाज चुकला तर म्हणून त्यावर काही टक्के, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि तिथेही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं राखीव. हे सगळं मुंबईतून निघतानाच टाकीत असावं लागतं. एका जानेवारीत समोरचा वारा इतका होता की इंधन वाढवायला वजनाची जागाच उरली नाही. मी कार्गोतली द्राक्षं उतरवायला सांगितली. द्राक्षं कुणा शेतकऱ्याची असतील हे डोक्यात होतं आणि त्या रात्री घरी जाताना मला बरं वाटत नव्हतं. पण राखीव इंधनाला हात लावायचा नाही, हा नियम मला आजही देवघरातल्या दिव्यासारखा वाटतो.

मुंबईहून परदेशी जायला नेहमी एवढं सोपं नव्हतं. एअर इंडियाचं लंडनला जाणारं पहिलं विमान ८ जून १९४८ रोजी निघालं तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. न्यूयॉर्कची सेवा १४ मे १९६० ला सुरू झाली, लंडनमार्गे. एअर इंडियाचं न थांबता थेट न्यूयॉर्क २००७ मध्ये सुरू झालं.

आता तुमच्याबद्दल. माझी पत्नीही अशीच एका जानेवारीत एकटी नेवार्कला गेली, मुलीच्या बाळंतपणाला. त्या रात्री माझी ड्युटी होती. कॅप्टनसाठी आराखडा काढला आणि तिच्यासाठी एका चिठ्ठीवर लिहून दिलं : "हवेत १५ तास ३८ मिनिटं. पहिले सहा तास झोप. नवव्या तासाला थोडं हलेल, घाबरू नकोस." उतरल्यावर तिने फोन केला तो तक्रार करायलाच, "नऊ मिनिटं जास्त लागली." पण ती म्हणाली, चिठ्ठी होती म्हणून वेळ गेला, समोर किती उरलंय ते कळत होतं. तुम्हीही अशी एक चिठ्ठी करून पर्समध्ये ठेवा. तिच्यावर या तीन वेळांची नोंद करा : मुंबईहून सुटायची, पोचायची भारताच्या घड्याळाने, आणि पोचायची तिथल्या घड्याळाने. समजा विमान रात्री दीडला सुटलं. सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे सात, तारीख तीच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तसंच ठेवतात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा. घरच्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये फोनची वेळ चुकेल.

आणि एक गोष्ट बघायला मिळेल, ती चुकवू नका. विषुववृत्तावर पृथ्वीची पाठ ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. ६० अंश उत्तरेला तो वेग निम्मा, ८३५ होतो. तुमचं विमान त्या उंच अक्षांशांवरून पश्चिमेला जवळजवळ त्याच वेगाने जात असतं. म्हणून मुंबईत मध्यरात्रीनंतर तुम्हाला लागलेली रात्र जानेवारीत संपतच नाही. अख्खा युरोप अंधारात, अटलांटिक अंधारात, आणि उजाडायला लागतं ते न्यूयॉर्क जवळ आल्यावर. खिडकीची जागा मिळाली तर मधेच एकदा पडदा सरकवून बघा. उत्तरेकडची वाट असेल आणि आकाश मोकळं असेल, तर बर्फावरचं चांदणं दिसतं.

सोळा तास बसणं हे मात्र शरीराला सोपं नाही. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकाच्या जागेपर्यंत चालून या, बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा, पाणी थोडं थोडं पीत राहा. गोळ्या चालू असतील तर त्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. रक्तदाब किंवा साखर असेल तर गोळ्या कुठल्या घड्याळाने घ्यायच्या, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखत असतील किंवा मोठ्या विमानतळावर गोंधळायची भीती वाटत असेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून बॅगेपर्यंत सोबत असतो.

लाडू नक्की न्या. कोरडा, तुपातला, घट्ट बांधलेला पदार्थ आहे. फक्त अधिकाऱ्याने खाण्याचं काही आहे का विचारलं, तर "आहे" म्हणा आणि डबा दाखवा. लपवलं तर दंड होतो. ताजी फळं, भाजी, बियाणं आणि मांसाचं काही नेऊ नका. हळीव वेगळे नेणार असाल तर ते बियाणं आहे, ते लाडवात वळूनच न्या.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग हेलिकॉप्टर मुंबईवर एका जागी बारा तास उभं ठेवलं, तर खाली अमेरिका येईल का? (इयत्ता नववी, नांदेड)

उत्तर : नाही, बाळ. मुंबईच येईल. हवा जमिनीबरोबरच फिरते आणि हेलिकॉप्टर त्या हवेत उभं असतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू सरळ वर फेकून बघ. तो तुझ्याच हातात पडतो, मागच्या बाकावर जात नाही, कारण तो आधीपासूनच डब्याच्या वेगाने जात असतो. फिरणारी पृथ्वी विमानाला थेट मदत करत नाही. ती वाऱ्याला वळवते आणि तो वारा विमानाला मदत किंवा अडथळा करतो. तुझा प्रश्न शाळेत बाईंना विचार आणि सगळ्या वर्गासमोर चेंडूचा प्रयोग कर.

प्रश्न : मुलगा सॅन होजेला आहे. अमेरिका पश्चिमेला, पण सॅन फ्रान्सिस्कोला जाताना आमचं विमान पडद्यावर जपानकडे निघालेलं दिसलं. असं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कॅलिफोर्नियापुरतं "अमेरिका पश्चिमेला" हे खरं राहत नाही. मुंबई ७३ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम. पश्चिमेकडून मोजलं तर मध्ये १९५ अंश, पूर्वेकडून १६५. पूर्व जवळ. ताणलेल्या दोऱ्याचं अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, आणि तो दोरा हिमालय, चीन, सायबेरिया ओलांडून आर्क्टिकमध्ये ७७ अंशांपर्यंत चढतो. प्रत्यक्षात विमान बरंच दक्षिणेकडून नेलं जातं. एक कारण तिबेटचं पठार. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला साधारण १०,००० फुटांपर्यंत झटकन खाली यावं लागतं आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. दुसरं कारण पुन्हा वारा. पूर्वेकडे निघालं की जेट पाठीशी मिळतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण दिल्लीचं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जाई, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. वाट वाढून १५,३०० किलोमीटर झाली आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. मी तोवर निवृत्त झालो होतो. बातमी वाचून जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या आकड्यांवरच बोलत राहिलो. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन माणूस दोन तास लवकर पोचतो, हे ज्याला कळलं त्याला आमचं सगळं काम कळलं.

सॅन फ्रान्सिस्कोहून जानेवारी २०२१ मध्ये बंगळूरला पहिलं थेट विमान आलं ते उत्तर ध्रुवावरून, आणि कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रिया होत्या. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली. ध्रुवावरच्या वाटेत कडाक्याच्या थंडीने टाकीतलं इंधन गोठू नये म्हणून त्याचं तापमान सतत बघावं लागतं आणि उतरायला विमानतळ फार थोडे. तुमचं विमान परतताना कुठून येईल, हे त्या दिवसाचा वारा ठरवेल. पडद्याचा फोटो काढून मुलाला पाठवा.

प्रश्न : तिकिटावर १६ तास २० मिनिटं होती, वैमानिकाने घोषणा केली १५ तास १० मिनिटांची. कोण चुकलं? (ठाणे)

उत्तर : कुणीच नाही. तिकिटावर असतो तो गेटपासून गेटपर्यंतचा वेळ आणि त्यात कंपनीने उशिराची थोडी सोय धरलेली असते. तो वेळ सगळ्या हंगामासाठी आधीच ठरतो. वैमानिक सांगतो तो त्या रात्रीच्या वाऱ्यावर काढलेला, चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ. न्यायला येणाऱ्याला तिकिटावरचीच वेळ सांगा आणि विमान लवकर टेकलं तरी इमिग्रेशन आणि बॅगांसाठी पुढे तासभर धरायला सांगा.